मायक्रोग्रिड: सगळ्यांकडे 'ओपन प्रोटोकॉल' आहे, तरी डबे एकमेकांशी बोलत का नाहीत?

चाकणचा_वायरमन

नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो पण आता अगदी गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चाकणला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. २२ केव्ही इनकमर (बाहेरून येणाऱ्या लाईटचा मुख्य ब्रेकर), खाली तीन ट्रान्सफॉर्मर, छतावर सोलर (दोन टप्प्यांत बसवलं, त्यामुळे इन्व्हर्टर दोन कंपन्यांचे), दोन डीजी (डिझेल जनरेटर) सिंक पॅनलसकट, आणि आता साहेबांच्या डोक्यात मायक्रोग्रिड (बाहेरची लाईट नसतानाही स्वतःच्या पॉवरवर चालणारी छोटी ग्रिड) शिरलंय म्हणून ५०० युनिटचा बॅटरी कंटेनर येतोय. अपेक्षा अशी की बाहेरची लाईट गेली की बॅटरीने लगेच लोड उचलायचा, सोलर चालू राहिलं पाहिजे, बॅटरी उतरली की डीजी घ्यायचा, लाईट आली की परत सिंक करून जोडायचं आणि हे सगळं होताना शॉपवर कुणाला पत्ता लागता कामा नये.

परवा सगळ्या व्हेंडरना एका टेबलावर बसवलं. प्रत्येक जण छातीठोक सांगतो आमचं ओपन आहे. इन्व्हर्टरवाले मॉडबस, बॅटरीवाले मॉडबस टीसीपी, डीजी कंट्रोलर मॉडबस आरटीयू, रिलेवाले (रिले म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडणारा डबा) आयईसी ६१८५० (सबस्टेशनचं स्टँडर्ड), आणि आरएमयूमधला (रिंग मेन स्विचगियर) आरटीयू, म्हणजे लांबून माहिती पाठवणारा डबा, आयईसी १०४ बोलतो. कन्सल्टंट म्हणाले मध्ये एक गेटवे (एका प्रोटोकॉलचं दुसऱ्यात भाषांतर करणारा डबा) टाकला की झालं. मी एवढंच विचारलं की इनकमर ट्रिप झाला हे बॅटरीला कोण सांगणार आणि किती वेळात, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. शेवटी मिनिट्समध्ये 'टू बी डिस्कस्ड' लिहून चहा आला.

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. पाचांपैकी तिघे मॉडबस बोलतात तरी तिघांचं आपसात का जमत नाही? ६१८५० किंवा ते ओपनएफएमबी वगैरे आमच्यासारख्या प्लँटला डोईजड आहे का? आणि निर्णय कुणी घ्यायचे, एका पीएलसीने (प्रोग्राम करता येणारा कंट्रोलर) की ज्याने त्याने आपापल्या जागी?

रजिस्टर_४०००१

पहिल्या प्रश्नावर माझी हयात गेलीये म्हणून मीच घेतो.

मॉडबस १९७९ साली मॉडिकॉनने स्वतःच्या पीएलसीसाठी काढला. त्यात ठरलंय ते एवढंच की अमुक नंबरच्या रजिस्टरमधला १६ बिटचा आकडा मागायचा कसा आणि द्यायचा कसा. तो आकडा व्होल्ट आहे का तापमान आहे का अलार्म आहे, कशाने गुणायचा, ३२ बिटचा असेल तर आधी वरचा अर्धा येतो का खालचा, यातलं काहीही मॉडबसने ठरवलेलं नाही, ते ज्याने त्याने आपल्या मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर ठरवलंय. त्यामुळे तिघे मॉडबस बोलतात या वाक्यातून फक्त केबल जुळेल एवढंच कळतं.

तुमच्या बाबतीत सगळ्यात आधी बॅटरीचं चिन्ह बघा. एकाच्या मते डिस्चार्ज प्लस, दुसऱ्याच्या मते चार्ज प्लस. दोन्ही बरोबर आहेत, पण कंट्रोलर लिहिणाऱ्याने उलटं धरलं तर तो बॅटरीला म्हणणार लोड उचल आणि बॅटरी उलट स्वतःच चार्जिंगला लागणार, तेही डीजी धापा टाकत असताना.

यावर उपाय म्हणून सनस्पेक आलं. मॉडबसच वापरायचा पण आतला नकाशा सगळ्यांनी एक ठेवायचा. ४०००० पत्त्यापासून वाचायला लागलं की आधी 'एस यू एन एस' अशी चार अक्षरं मिळतात, ती मिळाली की समजायचं हा सनस्पेकवाला. पुढे एकेक मॉडेलचे ब्लॉक: १ नंबरात कंपनी, मॉडेल, सिरीयल; १०३ म्हणजे थ्री फेज इन्व्हर्टर. पॉवरचं रजिस्टर आणि त्याचा स्केल फॅक्टर वेगळा, म्हणजे ४५२३ वाचलं आणि स्केल फॅक्टर १ असेल तर ४५,२३० वॅट, उणे १ असेल तर ४५२.३ वॅट. ज्याने स्केल फॅक्टर न वाचता एकदा बघून कोडमध्ये ठोकून दिला त्याचं सगळं फर्मवेअर अपडेट होईपर्यंत छान चालतं.

पण टेंडरमध्ये 'सनस्पेक कंप्लायंट' लिहून भागत नाही बरं का. कुठली मॉडेल वाचता येतात आणि कुठल्यात लिहिता येतं, दोन्ही याद्या मागवा. वाचायचं १०३ सगळे देतात, पण पॉवर कमी करायचा हुकूम ज्यात जातो त्या १२३ च्या नावाने बऱ्याच ठिकाणी बोंब असते. त्याच १२३ मध्ये एक रिव्हर्ट टाइमर आहे, तो नीट समजून घ्या. तुम्ही इन्व्हर्टरला सांगितलं ४० टक्क्यांवर ये, आणि मग कम्युनिकेशन गेलं. आता त्याने ४० वरच बसायचं का थोड्या वेळाने परत १०० वर जायचं? टाइमर शून्य ठेवला तर तो शेवटचा हुकूम धरून बसतो, ६० सेकंद ठेवला तर मिनिटाभराने आपोआप मोकळा होतो. डीजीवर चालत असताना मोकळा झाला तर रिव्हर्स पॉवरवर डीजी ट्रिप. आणि हे कुणी ठरवायचं यावर तुमच्या मीटिंगमध्ये चकार शब्द निघाला नसणार, पैज लावतो.

चाकणचा_वायरमन

पैज जिंकलात. नाही निघाला.

खर्चाला_कात्री

सगळं एकाच कंपनीकडून घ्या, शांत झोप लागेल. या स्टँडर्डच्या भानगडी युटिलिटीवाल्यांसाठी ठीक आहेत.

रिलेवाला

@कात्री, झोप लागेल ती वॉरंटी संपेपर्यंत. सहा-सात वर्षांनी एक इन्व्हर्टर बदलायची वेळ आली की तीच कंपनी म्हणते ते मॉडेल आता बंद झालं, पूर्ण सिस्टिम अपग्रेड करा, आणि कोटेशन बघून मग झोप उडते. शिवाय यांचे इन्व्हर्टर आधीच दोन कंपन्यांचे आहेत, ते काय भंगारात घालणार का?

धागाकर्ते, तुमचा इनकमर ट्रिपचा प्रश्न एकदम मुद्द्याचा होता. गेटवेने मॉडबस पोल करून हे करायला गेलात तर गेटवे फिरत फिरत त्या रजिस्टरपाशी येणार, सेकंद अर्धा सेकंद सहज जातो, तोवर व्होल्टेज बसलेलं असतं आणि सोलर अँटी-आयलंडिंगवर (ग्रिड गेली की आपोआप बंद व्हायची सोय) बाहेर पडलेलं असतं. इथे ६१८५० मधला गूस कामाचा. त्यात कुणी विचारायची वाट बघत नाही, रिले स्वतःच इथरनेटवर ओरडतो की ब्रेकर उघडला, ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं. आयपी नाही, टीसीपी नाही, थेट खालच्या थरावर मल्टिकास्ट. ट्रिपसारख्या मेसेजला स्टँडर्डमध्ये ३ मिलिसेकंदांचा वर्ग आहे. तुमचा व्हीसीबी (व्हॅक्यूम ब्रेकर) उघडायलाच ५०-६० मिलिसेकंद खाणार, त्यापुढे हे काहीच नाही. (आणि म्हणूनच 'शॉपवर पत्ता लागता कामा नये' हे व्हीसीबीवर होणार नाही, त्याला स्टॅटिक (इलेक्ट्रॉनिक) स्विच लागतो, साहेबांना आत्ताच सांगून ठेवा.)

पोचपावती नसते म्हणून गूस तोच मेसेज परत परत पाठवतो. काही घडलं की स्टेट नंबर एकने वाढतो, सुरुवातीला धडाधड काही मिलिसेकंदांच्या अंतराने रिपीट, मग अंतर वाढत वाढत एका ठरलेल्या हार्टबीटवर येऊन थांबतं. प्रत्येक मेसेजमध्ये 'पुढचा इतक्या वेळात येईल' असं लिहिलेलं असतं, नाही आला तर ऐकणाऱ्याने समजायचं लाईन मेली. मॉडबसमध्ये जो प्रश्न रिव्हर्ट टाइमरवर सोडलाय तो इथे निदान मेसेजच्या पोटात आहे.

आता दुसरी बाजू. ६१८५० म्हणजे आपोआप जुळलं असं अजिबात नाही. मध्यंतरी एका साईटवर दोन कंपन्यांचे रिले होते, दोघांकडे कन्फर्मन्स सर्टिफिकेट, आणि एकाचा गूस दुसरा घेईना. लॅपटॉप लावून वायरशार्कवर (नेटवर्कवरचे मेसेज दाखवणारं सॉफ्टवेअर) बघितलं तर मेसेज व्यवस्थित फिरतोय, मॅक पत्ता बरोबर, व्हीलॅन बरोबर, स्टेट नंबर वाढतोय. मग एकेक फील्ड फाईलशी ताडून बघितलं तेव्हा दिसलं की पाठवणाऱ्याचा कॉन्फिग रिव्हिजन (डेटासेटच्या मांडणीचा आवृत्ती क्रमांक) ३ आणि ऐकणाऱ्याच्या फाईलमध्ये २. कुणीतरी डेटासेटमध्ये एक सिग्नल वाढवून रिले परत लोड केला होता आणि नवीन एससीडी फाईल (सगळ्या डब्यांचं एकत्र कॉन्फिगरेशन) दुसऱ्या कंपनीच्या माणसाला दिलीच नव्हती. स्टँडर्डप्रमाणे दुसरा रिले बरोबरच वागत होता, ज्याचा क्रम बदलला असेल असा डेटा त्याने घेऊच नये. ते निस्तरलं तर पुढे अजून एक, एक रिले पूर्ण स्ट्रक्चर पाठवत होता आणि दुसऱ्याला फक्त सुटे सुटे अॅट्रिब्यूट घेता येत होते. हेही दोन्ही स्टँडर्डमध्ये बसतं! पर्याय इतके ठेवलेत की दोघे प्रामाणिकपणे नियम पाळून एकमेकांशी अबोला धरू शकतात.

म्हणून एससीडी फाईलचा मालक एकच माणूस ठेवा, आणि तो तुमचा ठेवा, व्हेंडरचा नको.

मीटरवाली

थोडं अवांतर पण जोडून आहे म्हणून लिहिते. आपल्याकडे हे जमलेलं एक उदाहरण म्हणजे मीटर. मीटर वाचायचं डीएलएमएस-कोसेम हे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड असंच अघळपघळ आहे, पण बीआयएसने आयएस १५९५९ काढून सांगितलं की भारतात मीटरने कुठले पॅरामीटर द्यायचे, कुठल्या ओबिस कोडखाली (प्रत्येक पॅरामीटरचा ठरलेला क्रमांक), कुठल्या इव्हेंटला कुठला नंबर. १.०.१.८.०.२५५ वाचलं की कुठल्याही कंपनीच्या मीटरमधून आयात केलेली युनिटच येणार. मोठ्या स्टँडर्डमधून 'आम्ही एवढंच आणि असंच वापरणार' असा तुकडा कापून घेतला म्हणून ते चाललं. मात्र मीटर ते हेडएंड (डेटा गोळा करणारी मध्यवर्ती सिस्टिम) यांमधलं आरएफ मेश, म्हणजे रेडिओचं, जाळं अजून ज्याचं त्याचं आहे, एकाच्या जाळ्यात दुसऱ्याचं कार्ड टाकून बघा म्हणजे कळेल.

धागाकर्त्यांनी पण आपल्या प्लँटपुरता असा तुकडा कापावा. पाच-सहा पानांचं कागदपत्र पुरे.

शार्लटमधून

ताईंशी सहमत. ओपनएफएमबीचा उल्लेख आलाय आणि ते प्रकरण माझ्या गावाजवळचं आहे म्हणून लिहितो (मी ड्यूक एनर्जी या इथल्या वीज कंपनीत नाही, आधीच सांगतो).

इथे अमेरिकेत शार्लटच्या बाजूला माउंट हॉली नावाचं छोटं गाव आहे, तिथे ड्यूक एनर्जीची टेस्ट लॅब आणि छोटा मायक्रोग्रिड आहे. त्यांची तक्रार तुमच्यासारखीच होती, फक्त आकार मोठा. खांबावरचा रिक्लोझर (फॉल्टनंतर आपोआप परत जोडून बघणारा ब्रेकर), शेजारची कपॅसिटर बँक, सोलर आणि मीटर, सगळे हाकेच्या अंतरावर, पण प्रत्येकाचा डेटा आपापल्या कंपनीच्या हेडएंडला जाणार, तिथून कंट्रोल सेंटरला, तिथे कुणीतरी जुळवणार आणि मग हुकूम परत खाली. ढग येऊन सोलर पडतं त्याला एवढा वेळ परवडत नाही. मग २०१४ च्या सुमारास त्यांनी बऱ्याच व्हेंडरना एकत्र करून 'कोएलिशन ऑफ द विलिंग' नावाने काम सुरू केलं आणि त्यातून आलेलं ओपनएफएमबी २०१६ मध्ये एनएईएसबी या संस्थेने मंजूर केलं.

त्यात नवीन प्रोटोकॉल नाहीच, ही गंमत आहे. जुनी उपकरणं मॉडबस, डीएनपी३, गूस जे बोलतात ते बोलू देत. प्रत्येकाच्या पुढ्यात एक अॅडॅप्टर, तो त्याचा डेटा एका ठरलेल्या मॉडेलमध्ये बदलून बसवर (सगळ्यांचे मेसेज वाहणारी सामायिक वाट) टाकतो. बस एमक्यूटीटी घ्या, नॅट्स घ्या, डीडीएस घ्या. मॉडेल मात्र एकच, आणि ते नव्याने शोधून काढलेलं नाही, सीआयएम (युटिलिटींचं सामायिक डेटा मॉडेल) आणि ६१८५० वरून घेतलंय. त्यामुळे बॅटरीच्या प्रोग्रामला रिक्लोझर कुठल्या कंपनीचा ते माहीत असायची गरज नाही, त्याला 'अमुक रिक्लोझर उघडला' एवढं मिळालं की बास. चिन्ह, एकक, टाइमस्टॅम्प यांची भांडणं अॅडॅप्टरमध्ये एकदाच मिटवायची.

तुमच्यासाठी डोईजड का? पूर्ण घेतलंत तर हो, आणि ते सांभाळायला सॉफ्टवेअरवाला माणूस लागेल जो कारखान्यात टिकत नाही. पण कल्पना फुकट आहे ती घ्या. आणि सेफ्टीचं ट्रिपिंग बसवर टाकू नका, ते गूसवर नाहीतर सरळ तांब्याच्या दोन तारांवर. एका इनकमरसाठी हार्डवायर काँटॅक्ट टाकायला लाज वाटायचं कारण नाही.

ड्रूप_टक्के_चार

सगळे मेसेजवरच बोलताय म्हणून मध्ये तोंड घालतो. ग्रिडमधली सगळ्यात जुनी इंटरऑपरेबल गोष्ट म्हणजे फ्रिक्वेन्सी. कुणाही कंपनीचा जनरेटर असू दे, फ्रिक्वेन्सी पडली की गव्हर्नर वाफ किंवा डिझेल वाढवतो, त्याला कुणी पॅकेट पाठवत नाही. तुमचे दोन डीजी ड्रूपवर (लोड वाढला की फ्रिक्वेन्सी थोडी उतरू द्यायची, या पद्धतीने) लोड वाटून घेऊ शकतात, वाटूनही घेत असतील.

बॅटरी जर ग्रिड-फॉर्मिंग असेल (म्हणजे व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी स्वतः धरणारी; असेलच असं धरू नका, ऑर्डरमध्ये बघा, नाहीतर आयलंडमध्ये, म्हणजे बाहेरची ग्रिड नसताना, लाईट धरणार कोण?) तर ती हीच युक्ती वापरते. दुपारी लोड कमी, सोलर जोरात, बॅटरी भरली, आता जादा पॉवर कुठे घालायची? बॅटरीचा इन्व्हर्टर मुद्दाम फ्रिक्वेन्सी वर न्यायला लागतो आणि सोलर इन्व्हर्टर ते बघून हळूहळू उतरतात. एकही केबल न लागता. पण त्यासाठी सोलर इन्व्हर्टरमध्ये फ्रिक्वेन्सी-वॅट (फ्रिक्वेन्सी वाढेल तशी पॉवर हळूहळू कमी करायची सोय) चालू पाहिजे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या (सीईए) २०१३ च्या मूळ नियमांत ५०.५ हर्ट्झच्या वर ०.२ सेकंदात ट्रिप असं होतं, त्या सेटिंगवर तुमचे असतील तर ते उतरणार नाहीत, धाडकन सगळे एकदम बंद होतील, मग फ्रिक्वेन्सी खाली, मग परत चालू, मग परत बंद.

जर्मनीने हेच देशपातळीवर भोगलं. तिथल्या जुन्या नियमाप्रमाणे छतावरच्या सोलरने ५०.२ हर्ट्झला तत्काळ सुटायचं होतं. नियम केला तेव्हा सोलर होतंच किती! पुढे हजारो मेगावॅट त्या एकाच आकड्यावर बसले, म्हणजे कधी ५०.२ गाठलं की सगळे एका क्षणात गायब. २०१२ पासून लाखो जुन्या इन्व्हर्टरची सेटिंग बदलत फिरावं लागलं. तिथे प्रत्येक डबा नियमाप्रमाणेच वागत होता, नियमच सगळ्यांना एकत्र उडी मारायला सांगत होता.

आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे काय यावरही एकमत नसतं बरं. १६ ऑगस्ट २०१६ ला कॅलिफोर्नियात ब्लू कट नावाच्या वणव्यामुळे ५०० केव्हीच्या लाईनवर फॉल्ट झाला आणि सुमारे १२०० मेगावॅट सोलर सुटलं. ग्रिडची खरी फ्रिक्वेन्सी फारशी हललीच नव्हती. फॉल्टच्या वेळी वेव्हफॉर्म वेडावाकडा झाला आणि बऱ्याच इन्व्हर्टरनी क्षणभराच्या तुकड्यावरून फ्रिक्वेन्सी काढून ती फार खाली गेली असं ठरवलं. आकडा एकच, मोजायची खिडकी वेगळी. त्यामुळे सेटिंगशीटमध्ये नुसतं ५०.५ लिहू नका, किती वेळ सतत दिसल्यावर तेही लिहा.

सांगलीचे_काका

नोकरीची सगळी वर्षं लाईनवर काढली, आता निवृत्त. तरुण मंडळी छान लिहिताय पण एक कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. खाली माणूस काम करत असताना हा तुमचा शहाणा स्विच आपणहून मारला तर?

आमच्या वेळी परमिट घेतलं, आयसोलेटर उघडला, अर्थिंग केलं, कुलूप लावलं, चावी खिशात. आता फीडरवर असे स्विच येतात की एका बाजूची लाईट गेली की दुसऱ्या बाजूने स्वतः जोडून देतात. चांगलंच आहे, गावाला लवकर लाईट मिळते. पण दोन कंपन्यांच्या दोन स्विचमध्ये 'लोकल' या पोझिशनचा अर्थ वेगळा निघालेला मी बघितलाय. एकात लोकल म्हणजे बाहेरचा कुठलाही हुकूम बंद, दुसऱ्यात लोकल म्हणजे कंट्रोल रूमचा बंद, पण शेजारच्या स्विचकडून आलेला ऑटोमॅटिक चालू. लाईनमनला हे कुठून कळणार, त्याला हँडलवर 'लोकल' दिसतं.

तुमच्या कारखान्यातही बॅटरी आणि सोलर दोन्ही खालून पॉवर ढकलणार. इनकमर उघडला म्हणजे बस (पॅनलमधली मुख्य वीजपट्टी) मेली असं आता समजता येणार नाही. आधी टेस्टर, मग अर्थिंग, हे बोर्डावर मराठीत लिहून ठेवा.

रिलेवाला

काका, लाखमोलाचं बोललात. ६१८५० च्या ब्रेकर मॉडेलमध्ये लोकल-रिमोटचा आणि 'क्लोज ब्लॉक'चा वेगळा डेटा आहे, पण तो ब्लॉक कुठल्या कुठल्या हुकमांना अडवतो हे प्रत्येक डब्यात प्रत्यक्ष करून बघावं लागतं. माझा तर नियम आहे, जे कुलूप नेटवर्कवरून उघडता येतं ते परमिटसाठी धरायचं नाही.

चाकणचा_वायरमन

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. मला समजलं ते असं: इनकमरचा ट्रिप हार्डवायर अधिक गूस, आयलंडमध्ये लोडचा तोल फ्रिक्वेन्सीवर, आणि पीएलसी फक्त सावकाश कामांना, म्हणजे बॅटरी कधी भरायची, डीजी कधी घ्यायचा, डीजीवर किमान ३० टक्के लोड राहील एवढं सोलर दाबायचं. पीएलसी मेला तरी प्लँट चालू राहिला पाहिजे. बरोबर ना? ताई म्हणतात तसं कागदपत्र करायला घेतो. टेस्टिंगला काय काय घालू?

रजिस्टर_४०००१

बरोबर. ३० टक्क्यांचं मात्र डीजीवाल्याकडून लेखी घ्या. टेस्टिंगमध्ये सगळं नीट चालू असतानाचं दाखवायला व्हेंडरला आवडतं, तुम्ही मोडून दाखवायला सांगा. बॅटरी डिस्चार्ज होत असताना तिची लॅन केबल काढा. पीएलसीचा सप्लाय बंद करा. मेन स्विच रीबूट करा आणि तेवढ्यात इनकमर ट्रिप करा. प्रत्येक वेळी कोण कुठल्या पोझिशनला जाणार हे आधी कागदावर लिहून घ्या, टेस्ट झाल्यावर नाही, नाहीतर जे झालं तेच 'डिझाइनप्रमाणे' ठरतं. आणि शेवटचं बिल या टेस्टला बांधा, कमिशनिंगला नको.

मीटरवाली

घड्याळं पण बघा. ६१८५० चे टाइमस्टॅम्प यूटीसीत येतात, आणि १०४ किंवा डीजी कंट्रोलर बहुतेक ठिकाणी भारतीय वेळेवर लावलेले असतात. पहिल्याच ट्रिपनंतर लॉग जुळवायला बसाल तेव्हा निम्म्या घटना साडेपाच तास आधी घडलेल्या दिसतील आणि सगळे व्हेंडर म्हणतील सुरुवात दुसऱ्याकडून झाली. एक जीपीएस घड्याळ घ्या, सगळ्यांना त्यावरून वेळ द्या, आणि कागदावर लिहा की लॉग कुठल्या वेळेत ठेवायचे.

चाकणचा_वायरमन

आत्ताच पॅनलवर जाऊन बघून आलो. डीजीचा कंट्रोलर २०१९ मध्ये आहे, दोन इन्व्हर्टरमध्ये वीसेक मिनिटांचा फरक. घड्याळाची चौकशी उद्याच टाकतो. कागदपत्राचा कच्चा मसुदा झाला की इथेच लावतो, काका आणि ताई, तुम्ही दोघांनी जरूर फाडा.